स्वल्पविराम काढला, पूर्णविराम लावला: नंदी हिल्स, व्हाया इंदिरानगर

सायकलच्या हँडलवर मोजे वाळायला लागले की समजायचं, सायकल गेली. सर्जापूर रोडला अक्काच्या बाल्कनीत मी पाय ठेवला, तर तिची ती देखणी, मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या हँडलची सायकल भिंतीला टेकून उभी, आणि दोन्ही शिंगांवर भावजींचे मोजे. एकाला भोक.

"अक्का, काय वेळ आणलीस गं हिच्यावर?"

"विकतेय. सोमवारी एकजण बघायला येतोय."

"बघायला येतोय? मग पोहे कर. मोजे तरी काढ, मुलीकडचे आहोत आपण."

ती हसली नाही. तेव्हा मला कळलं, प्रकरण खरं आहे.

आधी माणसं सांगून टाकतो. सुमाक्का माझी चुलत बहीण, सरकारी कंपनीत इंजिनिअर, घरात सगळ्यात जास्त शिकलेली. सगळ्यात कमी शिकलेला मी, गुंड्या. गवीपुरमला नंबर प्लेट आणि स्टिकरच्या दुकानात कामाला. आम्ही बेंगळुरात इतक्या पिढ्यांपासून आहोत की मराठी फक्त घरात आणि भांडणात उरलीय. ताईला आम्ही अक्का म्हणतो. अक्काची आई, म्हणजे माझी मोठी काकू, तिला सगळे दोड्डम्मा म्हणतात, कन्नडात मोठी आई. ती अक्काकडेच राहते. मध्येच मी 'सरी' म्हणलो तर 'बरं' समजा, आणि 'स्वल्प' म्हणलो तर 'थोडंसं'. झालं. पुण्या-मुंबईवाल्यांनी आता तक्रार करायची नाही.

तर अक्का सायकल का विकत होती? मागं ती बाथरूममध्ये घसरली आणि उजवं मनगट मोडलं. आत पट्टी बसवली. मनगट जुळलं, पण पकड गेली. बरणीचं झाकणसुद्धा भावजींकडं देते. त्यानंतर एकदा ती नंदी हिल्सला गेली. चढली मस्त. उतरताना ब्रेक दाबून दाबून बोटं अशी आखडली की अर्ध्या घाटात एका दगडावर बसली, आणि शेवटी टोमॅटोच्या टेम्पोतून खाली आली. टेम्पोवाल्यानं वर दोन टोमॅटो दिले म्हणे. तेव्हापासून सायकल बाल्कनीत.

आणि अक्काला चढ आवडतच नाही. ती चढते ती उतारासाठी. लोक आइस्क्रीमसाठी लग्नाला जातात ना, तसं.

"ब्रेक बदलू," मी म्हणलं. "तुझे केबलचे आहेत. तार ओढायची, सगळा जोर बोटांचा. हायड्रॉलिक लावू. तारेऐवजी नळीत तेल. एका बोटानं स्वल्प दाबलं की थांबते."

"विकायची वस्तू आहे रे ती."

"मग तर लावच. हायड्रॉलिकवाली जास्त भावानं जाते."

इंजिनिअर बाईला हे पटलं. माझ्यापुढं शिक्षण असंच हरतं.

शेवटी सौदा ठरला. शनिवारी ब्रेक लावायचे, रविवारी नंदी. वरून खालपर्यंत स्वतः उतरली तर सायकल राहणार. नाही उतरली, तर सोमवारचा माणूस येऊन घेऊन जाणार.

"पण एक," अक्का म्हणली. "ब्रेकच्या बाबतीत मस्करी नाही."

हे बोलायला तिला कारण होतं. मागं डोम्लूरच्या फ्लायओव्हरवर मी दोन्ही पाय पसरून "अक्का, ब्रेक नाही!" असं ओरडत तिच्या शेजारून सुसाट गेलो होतो. ती बिचारी किंचाळत मागं आली, तर खाली मी टपरीवर चहा पीत उभा. शिवाय तिच्या सीटखाली लाल 'L'चं स्टिकर लावणारा मीच. सहा महिने फिरली ती ते घेऊन. गाड्यावाले तिला लांबून वाट द्यायचे. तसं बघितलं तर सोयच केली मी.

शनिवार: इंदिरानगर

इंदिरानगरला आतल्या एका गल्लीत मंदारचं सायकलचं दुकान आहे. मंदार पुण्याचा. आयटी सोडून सायकली दुरुस्त करतो आणि सायकली दुरुस्त करताना आयटीसारखं बोलतो.

"बेसिकली काय आहे ना, या सायकलची फ्रेम कॉम्पॅटिबल आहे," तो म्हणाला.

"पत्रिका जुळली म्हण ना."

"छत्तीस गुण."

तुम्हाला करायचं असेल तर ऐका. वाकड्या हँडलच्या सायकलला नुसती ब्रेकची बाजू बदलून भागत नाही, कारण ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये असतात. म्हणजे दोन्ही लिव्हर नवे, चाकाजवळ डिस्कला चिमटा काढणारे दोन्ही कॅलिपर नवे, नळ्या नव्या. अक्काच्या सायकलला डिस्क आधीपासून होत्या, म्हणून चाकं वाचली. तिचे मागं दहा गिअर, म्हणून लिव्हरही दहावालेच पाहिजेत. हे आधी बघा, नाहीतर लिव्हर घरी आणून शोकेसमध्ये ठेवाल. मंदारनं एक कमी वापरलेला सेट शोधून दिला. सगळं मिळून एका बऱ्यापैकी मोबाइलच्या भावात झालं. नवा घेतलात तर चांगल्या मोबाइलच्या. आणि फक्त कॅलिपर तेलाचा, वरची तार तशीच, असला अर्धा-अर्धा प्रकारही मिळतो. हात धडधाकट असेल तर तो बघा, खिशाला बरा पडतो.

हँडलची पट्टी सोलली, जुन्या तारा ओढून काढल्या. मागची तार गंजून लाल झालेली. मी लिव्हर दाबून मंदारला म्हणलं, "बघ की, किती दाबावं लागतंय. आणि थांबते किती? स्वल्प. हा ब्रेक नाही, स्वल्पविराम आहे."

"मग आपण काय लावतोय?"

"पूर्णविराम."

शाळेत विरामचिन्हांचे मार्क मला कधीच मिळाले नाहीत. सरांनी वहीत लिहिलेलं, 'हा मुलगा कुठेच थांबत नाही.' आता सरांना कळवायला पाहिजे.

नवीन नळी मापानं कापायची, टोकाला पितळेचं बारकं कडं घालायचं, आणि आवळायचं. मग खालून सिरिंजनं तेल चढवायचं. वर लिव्हरला वाटी लावलेली असते, तिच्यात बुडबुडे येतात. मिसळीवर तर्री चढते तशी एकेक गोळी वर येते आणि फुटते. हवा राहिली तर लिव्हर भिजल्या पावासारखा लागतो. सगळी गेली तर दगड. आम्ही दोघं ती वाटी असे बघत बसलो होतो की गिऱ्हाईक येऊन परत गेलं.

शेवटी मंदारनं मला चाकापासून लांब ढकललं. "हात धुऊन ये. आणि एक ऐक. डिस्कला तेलाचा हात लागला की खेळ खल्लास. तेल नळीच्या आत पाहिजे, डिस्कवर नाही."

"समजलं. डिस्कला तेल म्हणजे उपासाला मटण."

"एक्झॅक्टली. कॅलिपरमधल्या पॅडला लागलं तर पॅड गेले. लिव्हर घट्ट लागेल, पण थांबणार नाही, आणि आवाज असा येईल की गाढवं गोळा होतील. बाय द वे, हे पॅड तुझ्या स्वतःच्या सायकलच्याच आकाराचे आहेत हां, पुढं-मागं एकाच्या जागी एक चालतील."

हे शेवटचं मी लक्ष न देता ऐकलं. लक्षात ठेवा तुम्ही तरी.

मग गल्लीत वीसेक वेळा जोरात पळवायची आणि ब्रेक लावायचा, पळवायची आणि लावायचा, म्हणजे नवीन पॅड डिस्कवर बसतात. एक म्हातारे कुत्र्याला फिरवत होते. पाचव्या फेरीला म्हणाले, "काय हरवलंय का?"

सायकल मी चालवतच अक्काकडं नेली. इंदिरानगरहून डोम्लूर, मग रिंग रोडनं बेळ्ळंदूर. ब्रेकची परीक्षा घ्यायला जगात याच्याइतका चांगला रस्ता नाही. बस बाजूला येते, स्कूटरवाला उलटा येतो, तळ्याचा वास येतो, आणि सगळ्यांना स्वल्प पुढं जायचं असतं. बेळ्ळंदूरला एका गाडीचं दार माझ्यापुढं फाडकन उघडलं. मी सवयीनं सगळी ताकद लावून ब्रेक दाबला. मागचं चाक उचललं, आणि माझं नाक दारातल्या माणसाच्या शर्टाच्या खिशापाशी जाऊन थांबलं. खिशात पेन होतं.

"सॉरी गुरू," तो म्हणाला.

मला राग यायला पाहिजे होता. मी म्हणलं, "थँक्यू."

अक्काच्या बिल्डिंगखाली दोड्डम्मा वाटच बघत होती. हातात ताट, ताटात हळद, कुंकू, फुलं, दोन लिंबं आणि तेवणारं निरांजन.

"नवीन सामान लागलंय म्हणे गाडीला. पूजा नको?"

"दोड्डम्मा, आयुधपूजेला अजून वेळ आहे."

"माझी पोर उद्या डोंगरावरनं खाली यायची आहे. मी काय दसऱ्याची वाट बघत बसू?"

मला बस पकडायची होती. "सरी, कर. लिंबं दोन्ही चाकाखाली ठेव," असं म्हणून मी निघालो. तेवढ्यात अक्का खाली आली, तिनं तिथंच एका बोटानं ब्रेक दाबून बघितला. परत दाबला. तिसऱ्यांदा दाबताना तिच्या चेहऱ्याकडं बघितलं, तर बरणीचं झाकण उघडल्यासारखा झाला होता.

रविवार: हेब्बाळ ते नंदीचा पायथा

मी माझी सायकल घेऊन हेब्बाळच्या फ्लायओव्हरखाली उभा राहिलो. अक्का गाडी घेऊन आली, मागच्या कॅरियरवर तिची सायकल. सीटच्या नळीला झेंडूची माळ, हँडलवर हळदीकुंकवाची बोटं. लग्नाच्या वरातीतून पळून आल्यासारखी दिसत होती.

विमानतळाचा रस्ता सकाळी मोकळा मिळतो, टोल लागतो. आम्ही देवनहळ्ळीच्या पुढं गाडी लावली आणि तिथून सायकली काढल्या. तुम्ही थेट शहरातूनही सायकलवर जाऊ शकता, पुष्कळ लोक जातात, पण त्यांची मनगटं तुमची आहेत का ते बघा. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, गुलाबाची शेतं, आणि मधूनच 'प्लॉट विकणे आहे'चे बोर्ड. बोर्डांवरची अक्षरं बघून मला दुकानाची आठवण आली, म्हणून मी मान वळवली.

पहिल्या चौकात अक्कानं ब्रेक दाबला आणि:

कीऽऽऽऽ!

झाडावरच्या साळुंक्या उडाल्या. अक्का पाय टेकवत टेकवत कशीबशी थांबली.

"गुंड्या!"

"मी काही केलं नाही!"

"हे तूच बोलतोस दर वेळी, आणि दर वेळी तूच केलेलं असतं."

"अगं नवीन आहे. पॅड बसायला स्वल्प वेळ लागतो. काल वाजत नव्हतं, आज थंडीमुळं असेल."

थंडीमुळं! मलाच लाज वाटली असती, पण भूक लागली होती.

पायथ्याला गाड्यावर तट्टे इडली मिळते, ताटलीएवढी चपटी. त्यावर लोण्याचा गोळा, बाजूला लाल चटणी. दोघांचं पोट भरून वर कॉफी झाली, आणि शहरात एका कॉफीला जेवढे देतो त्याहून कमीत. इडलीवाल्या बाईनं सुमाक्काची माळ घातलेली सायकल बघितली आणि कन्नडात विचारलं, "काय, नवी घेतली?"

"जुनीच," अक्का म्हणाली. "उद्या विकायची की ठेवायची, ते आज ठरणार."

"मग पूजा कशाला केली? ज्याची पूजा केली ते कोणी विकतं का?"

अक्कानं चटणी पुन्हा मागितली.

चढ

चढाबद्दल काय लिहू? चढ होता. सात-आठ किलोमीटर. वळणं मोजायला जाऊ नका, शेवटची वळणं मोजणीत धरली तर माणूस परत फिरतो. माकडं कठड्यावर बसून तुमच्याकडं बघतात, आणि त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसतं की आपण माणूस न झाल्याचं त्यांना समाधान आहे. पाणी सोबत न्या, केळी पिशवीत आत लपवून न्या. शनिवार-रविवारी गर्दी असते आणि वर जायचे नियम बदलत असतात, आधी चौकशी करा.

एक गोष्ट लक्षात घ्या. चढताना कोणी ब्रेक दाबत नाही. म्हणून वरपर्यंत सगळं शांत. अक्का माझ्या पुढं, माळेतली फुलं एकेक गळतायत, आणि मी मागून फुलांवरून चाललोय. मिरवणूकच.

वर ढग अंगावरून जात होते. फाटकाच्या आत सायकल लावून आम्ही चहा घेतला. अक्का कड्यापाशी जाऊन खाली बघत बसली. मी तिला एकटीला सोडलं. मला येतं असं वागता, पण सांगू नका कोणाला.

ती बसली होती तोवर म्हणलं, ती पॅडची किरकिर बघून घेऊ. मी तिची सायकल घेतली, चार पावलं पळवली आणि पुढचा ब्रेक दाबला. लिव्हर दगडासारखा घट्ट. आणि सायकल आपली चालतेय. कीऽऽऽ करत चालतेय. पाय टेकवून थांबवली.

खाली वाकून बघितलं. डिस्क चकचकीत. पण डिस्कला वजन कमी करायला बारकी बारकी भोकं असतात, आणि त्या भोकांत लाल काहीतरी होतं. बोट लावलं, नाकाशी नेलं.

कुंकू. आणि कुंकवाखाली खोबरेल तेल.

 मागं वळलो, तर अक्का हेल्मेट घालून येत होती, तोंड उजळलेलं. "चल," म्हणाली, "मी पुढं."

"अक्का, नको. ब्रेक नाहीये."

ती हसायला लागली. "डोम्लूरचा जोक इथं? गुंड्या, नवीन काहीतरी काढ."

"अगं खरंच नाहीये!"

"त्या वेळीही खरंच होतं." तिनं माझ्या हातातून सायकल घेतली, पाय टाकला. पुढं फाटक, फाटकापुढं उतार, आणि पहिलंच वळण उजवीकडं, कठड्यापलीकडं नुसतं ढग.

मला खूप काही सुचत होतं. शपथ घ्यावी, दोड्डम्माचं नाव घ्यावं, रडावं. पण माझ्या शपथा, माझं रडणं, हे सगळं तिनं आधी बघितलेलं. माझ्याकडं नवीन असं काही उरलंच नव्हतं. मी पुढं जाऊन तिचं हँडल दोन्ही हातांनी धरलं.

"अक्का. थांब."

एवढंच. पुढं काही जोडलं नाही.

ती माझ्याकडं बघत राहिली. वाट बघत होती बहुतेक, आता हा हसेल, आता डोळा मारेल. मी नुसता उभा. मग तिनं हळूच पाय खाली टेकवला.

"काय झालं?"

मी तिला भोकं दाखवली. तिनं वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अय्यो. हे आईनं."

मग सगळी कथा बाहेर आली. काल मी गेल्यावर दोड्डम्मानं पूजा केली. हँडलला कुंकू लावलं, सीटला लावलं, आणि मग तिला ती गोल चकचकीत डिस्क दिसली. "हे तर सुदर्शन चक्र," म्हणाली. "सगळ्यात आधी याला." कोरडं कुंकू लोखंडाला धरत नाही, म्हणून बोट निरांजनातल्या तेलात बुडवून डिस्कला गोल फिरवून पाच ठिकाणी टिकल्या लावल्या. मागच्या चाकाला चेनचं काळं लागेल म्हणून ते सोडलं. आणि रात्री अक्काला वाटलं, गुंड्याची मेहनत आहे, डिस्क घाण दिसायला नको. तिनं फडक्यानं पुसून पुसून ते तेल सगळीकडं सारखं लावलं.

"इंजिनिअर ना तू?" मी म्हणलं.

"गप्प बस."

"सरकारी कंपनीत?"

"गुंड्या, गप्प बस. आता सांग, टेम्पो बघू का?"

हे तिनं सरळ आवाजात विचारलं. पण तिचा उजवा हात लिव्हरवर होता आणि एक बोट उगाच आत-बाहेर होत होतं. टेम्पोनं खाली गेलो असतो तर सोमवारी तो माणूस सायकल घेऊन गेला असता. आणि चूक ना सायकलची, ना मनगटाची.

तेव्हा मला मंदार आठवला. एकाच्या जागी एक चालतील.

माझ्या सायकलला अजून केबलचेच ब्रेक आहेत, पण डिस्कवाले. पॅड त्याच आकाराचे. मी पिशवीतून पाना काढला, माझ्या पुढच्या चाकाचे पॅड काढले, तिचे तेलकट काढले. तिच्या बॅगेत सॅनिटायझरची बाटली होती. टिश्यूवर घेऊन डिस्क पुसली. टिश्यू गुलाबी. परत पुसली. फिकट गुलाबी. भोकं काडीनं कोरली. टिश्यू पांढरा निघेपर्यंत पुसत राहिलो. चहावाला बघत होता. म्हणाला, "कशाला एवढं? देवाचं आहे, राहू दे की."

"देवाचं आहे म्हणूनच," मी म्हणलं. "देवाकडं जायची घाई नाही."

माझे झिजलेले पॅड तिच्या कॅलिपरमध्ये घातले. हायड्रॉलिकची ही एक मजा आहे, चार-पाच वेळा दाबलं की पॅड आपणहून सरकत डिस्कजवळ येतात. तारेच्या ब्रेकला ते कोणीतरी सांगावं लागतं. फाटकाच्या आतच सपाटीवर पळवत, थांबवत, पळवत, थांबवत बसलो. पाच-सहा वेळा नुसतंच खरखरलं. मग एकदम चावला. अक्कानं स्वतः करून बघितलं. एक बोट. थांबली.

"आणि तुझे?" तिनं विचारलं.

"माझ्या चाकाला मी तुझे घातले."

"म्हणजे तू कसा उतरणार?"

"गात."

उतार

तुम्हाला वाटत असेल मी शूरपणा केला. काही नाही. मागचा ब्रेक माझा ठीक होता, आणि जास्त उताराच्या वळणांवर मी सरळ उतरून चालत गेलो. बाकी वेळ बसून, पुढचा कीऽऽऽ, मागचा कर्रर्र. एवढा आवाज होता की हॉर्नची गरज नाही. वर येणाऱ्या गाड्या आपोआप बाजूला. एक बुलेटवाला ओरडला, "ब्रेक इल्वा, गुरू?" म्हणजे ब्रेक नाही का रे. मी म्हणलं, "स्वल्प इदे!" थोडासा आहे. माकडंसुद्धा कठड्यावरून उठली.

अक्का पुढं होती. आधी दोन-तीन वळणं ती घाबरत गेली. पाठ ताठ, दोन्ही हातांची सगळी बोटं ब्रेकवर. मग तीन बोटं. मग मला दिसलं, एकच बोट, बाकीची हँडलवर निवांत. तो दगड आला, मागच्या वेळी ती ज्याच्यावर बसली होती. ती तिथं थांबली. बसली नाही. उभ्या उभ्या दगडाला चापटी मारली, आणि वळणामागं गेली. त्यानंतर मला दिसली नाही, फक्त झेंडूची फुलं दिसली रस्त्यावर.

मी शेवटच्या वळणांपर्यंत आलो तेव्हा म्हणलं, आता ही खाली नारळपाणी पीत असणार. तेवढ्यात मागून, हो, मागून, किंकाळी आली:

"गुंड्याऽऽ! ब्रेक नाऽऽही!"

 बाई वळणावर झाडाआड लपून बसली होती, मला पुढं जाऊ दिलं होतं. दोन्ही पाय पसरून ती माझ्या शेजारून सूं करून गेली. मी ओरडत, वाजत, पाय घासत तिच्या मागं. खाली नारळवाल्याच्या गाड्यापाशी ती एका बोटानं अलगद थांबली, हेल्मेट काढलं आणि हसून हसून खाली बसली.

 नारळवाल्यानं न विचारता एक नारळ माझ्या हातात दिला.

"डोम्लूर," अक्का म्हणली. "आता फिटलं."

"ब्रेकच्या बाबतीत मस्करी नाही असं कोण म्हणलेलं?"

"तुला म्हणलेलं. मला कोण म्हणलं?"

मी अर्धा नारळ प्यायलो तेव्हा ती शांत झाली. म्हणाली, "तुला माहितेय, मी वर का थांबले?"

"कुंकू बघितलंस म्हणून."

"ते नंतर. तू 'थांब' म्हणालास आणि पुढं काही बोललाच नाहीस. एवढ्या वर्षांत तुझं वाक्य पहिल्यांदा संपलेलं ऐकलं."

मी उरलेला नारळ संपवला. 

घरी

माझे दोन पॅड गेले, ते मंदारकडून नवे घेतले. डिस्क चांगली घासून घेतली, आवाज गेला. मंदारला कुंकवाचं सांगितलं तर तो पाना खाली ठेवून म्हणाला, "हे मॅन्युअलमध्ये नाहीये." तुम्ही करणार असाल तर तुमच्या मॅन्युअलमध्ये लिहून घ्या. घरात पूजा करणारं माणूस असेल, आणि असतंच, तर त्याला आधी डिस्क दाखवा आणि हात जोडा.

सोमवारी तो माणूस खरंच आला. दोड्डम्मानंच दार उघडलं. "पूजा झालीय तिची," म्हणाली, "पूजा झालेलं आम्ही विकत नाही." आणि त्याला कॉफी पाजून परत पाठवलं. तो जाताना विचारून गेला म्हणे, घरात दुसरी एखादी आहे का, पूजा न झालेली.

दोड्डम्माला डिस्कचं कोणी सांगायचं, हा प्रश्न होता. अक्का म्हणली, तिला कळलं तर महिनाभर रडेल, तू काहीतरी कर. मी दुकानात बसून एक स्टिकर कापलं. गोल, टिकलीएवढं, लाल, आणि बाजूला छोटा बाण: 'कुंकू इथं'. हँडलच्या मधोमध लावलं, जिथं तेल काय, अख्खी समई सांडली तरी चालेल.

परवा गेलो तेव्हा दोड्डम्मा ताट घेऊन सायकलपाशी उभी होती. स्टिकर बघितलं, बोटानं चाचपलं.

"हे कोणाचं काम?"

"कंपनीकडूनच येतं, दोड्डम्मा. नवीन ब्रेकबरोबर."

"बघ," ती अक्काला म्हणाली, "शिकलेल्या माणसांना सुद्धा कळतं." आणि बोट तेलात बुडवून बरोबर बाणाच्या टोकावर टेकवलं. सुदर्शन चक्राकडं एकदा बघून लांबूनच नमस्कार केला.

मोजे आता भावजी दोरीवर वाळत घालतात.